विहिरीच्या पाण्यास पेट्रोलचा वास आल्यास

धामणगाव रेल्वेच्या परिसरातील विहिरींना काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी येते. पंपाची जमिनीखालील टाकी गळू लागल्यास तेलही त्याच वाटेने येऊ शकते. वास येताच शेतकरी बंधूंनी ते पाणी पिणे थांबवावे. उकळण्याच्या भरीस पडू नये.

नमुना घाईने घेऊ नये. तेल तरंगते, म्हणून निरीक्षण-विहिरीत प्रथम तवंग पाहावा. मग साचलेले पाणी उपसून ताजे येऊ द्यावे. ते काचेच्या बाटलीत संथपणे, काठोकाठ भरावे. बुडबुडा राहिल्यास बेन्झीन त्यात उडून जाते व दूषित पाणीही निर्दोष ठरते. कर्करोगास कारण होणाऱ्या या द्रव्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. एवढे नाकास कळत नाही. यास्तव पंपाजवळील विहिरीचा नमुना वास नसतानाही, बर्फात ठेवून, ग्रामसेवकांनी प्रयोगशाळेकडे पाठवावा.