‘स्किन कलर’ कोणाच्या कातडीचा?

शाळेचे गॅदरिंग जवळ आले की घरी चिठ्ठी येते. मुलीने अंबाडा घालून यावे, गजरा आणावा आणि ‘स्किन कलर’चे मोजे आणावेत. आई कामावरून सुटली की बाजार गाठते. दुकानदार तिच्यापुढे टाकतो ते मोजे फिकट गुलाबी असतात. मुलीने ते चढवले की पाय एका रंगाचे, हात दुसऱ्या रंगाचे! आम्ही हे कितीतरी घरांत पाहिले आहे आणि हसण्यावारी नेले आहे. पण बॅले नावाच्या नृत्यात याच एका गोष्टीपायी काळ्या मुलींना पिढ्यान्‌पिढ्या काय सोसावे लागले ते वाचले आणि आमचे हसू मावळले.

बॅले हा मूळचा युरोपातील राजदरबारांचा नाच. पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहून भिंगरीसारखी फिरणारी मुलगी आपण टीव्हीवर पाहतो, तोच हा प्रकार. पण त्या टोकावर चढायला वर्षे लागतात. भिंतीलगत कमरेच्या उंचीचा लाकडी दांडा असतो. तो धरून गुडघे वाकवणे, पाय पुढे सरकवणे, पुन्हा जागेवर आणणे, हेच रोज. पाय ठेवण्याच्या पाच मूळ पद्धती आहेत आणि त्या साऱ्यांत पाय मांडीच्या सांध्यापासून बाहेर वळलेले लागतात. टोकाचे बूट मुलीला साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी देत नाहीत, कारण पावलाची हाडे तोवर कोवळी असतात. घाई केली तर पाय कायमचा दुखावतो. (पाच वर्षांच्या पोरीला टोकावर उभे करतो म्हणणाऱ्या क्लासवाल्याला दारातूनच परत पाठवावे, असे आमचे मत आहे.)

तो बूटही पाहण्यासारखा. पुढचे टोक कापड, कागद आणि खळ यांच्या थरांनी कडक केलेले, वरून साटीन. नाडी जिची तिने शिवायची. मोठ्या भूमिकेत एका रात्रीच्या प्रयोगातच जोड मऊ पडतो. हे साटीन गुलाबी का? तर पाय आणि बूट यांची एकच सलग रेघ दिसावी म्हणून. म्हणजे गोऱ्या पायाची! काळ्या मुलीच्या पायात तोच गुलाबी बूट घातला की रेघ घोट्यापाशी तुटते. मग ती मुलगी स्पंज घेऊन बसायची आणि चेहऱ्याला लावायची तपकिरी रंगभूषा बुटाला फासायची. जोड बदलला की पुन्हा तेच. शेजारची गोरी मुलगी तेवढ्या वेळात सराव करायची.

अर्थात बूट ही पुढची गोष्ट. आधी दारातून आत जायला मिळाले पाहिजे. रेव्हन विल्किन्सन या तरुणीला १९५५ साली ‘बॅले रूस दे मॉन्टे कार्लो’ या मोठ्या पथकात जागा मिळाली. ती उजळ वर्णाची असल्याने तिला चेहऱ्याला पांढरा रंग लावून उभे करीत. अटलांटाच्या एका हॉटेलात तिला विचारले, तू काळी आहेस का? तिने खोटे सांगितले नाही. तिला हॉटेल सोडावे लागले. पुढे तिने देशच सोडला आणि हॉलंडच्या राष्ट्रीय बॅलेत ती नाचली.

त्याच काळात आर्थर मिचेल हे न्यूयॉर्क सिटी बॅलेत पहिले काळे प्रमुख नर्तक झाले. हार्लेम वस्तीतला मुलगा, लहानपणी बूट पॉलिश करून, पेपर टाकून घर चालवलेला. (बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ या वस्तीच्या अगदी कडेला आहे.) १९६८ च्या एप्रिलमध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. मिचेल यांनी ठरवले की आता जे करायचे ते आपल्या वस्तीत. १९६९ साली कारेल शूक या गोऱ्या शिक्षकासह त्यांनी ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ उभे केले. सुरुवातीचे वर्ग एका गॅरेजमध्ये भरत. मिचेल दार उघडेच ठेवीत, म्हणजे रस्त्यावरची पोरे डोकावणार. मुलगे घट्ट पायजम्याला लाजत, तर कापलेल्या जीनमध्ये या म्हणाले. पियानोच्या जोडीला ढोल आणले. तीसेक मुलांची काही महिन्यांत चारशेच्या आसपास झाली. मात्र दांड्यापाशी सूट नाही. पाय वळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून!

या पथकातल्याच एका नर्तिकेने सरावाला तपकिरी मोजे घालायला सुरुवात केली. मिचेल यांना ते पटले आणि १९७४ च्या सुमारास पथकाचा नियमच झाला: प्रत्येकीचे मोजे आणि बूट तिच्या स्वतःच्या कातडीच्या रंगाचे. पण बूट रंगवायचे घरीच. लंडनच्या ‘फ्रीड’ कारखान्याने ‘बॅले ब्लॅक’ या पथकासाठी तपकिरी रंगांचे टोकाचे बूट काढले ते २०१८ साली. मधली चव्वेचाळीस वर्षे स्पंज चालूच होता.

मिस्टी कोपलंड यांनीही तो धरला. आई एकटी, सहा भावंडे, काही काळ मोटेलच्या खोलीत मुक्काम. तेराव्या वर्षी त्या पहिल्यांदा बॅलेच्या वर्गात उभ्या राहिल्या, तोही मुलांच्या क्लबातल्या बास्केटबॉलच्या कोर्टवर, पायात नुसते मोजे. २०१५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला त्यांनी ‘स्वान लेक’ केले, तेव्हा फुले घेऊन रंगमंचावर आल्या त्या म्हाताऱ्या रेव्हन विल्किन्सन. त्यानंतर आठवडाभरातच कोपलंड अमेरिकन बॅले थिएटरच्या पंचाहत्तर वर्षांतील पहिल्या काळ्या प्रमुख नर्तिका झाल्या. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांनी त्या पथकाचा निरोप घेतला.

तेरा म्हणजे उशीर, असे तिथे म्हणतात. आपल्या नवी मुंबईतल्या दोन मुलांना तर आणखी उशीर झाला होता. अमिरुद्दिन शाह वेल्डरचा मुलगा, मनीष चौहान टॅक्सीवाल्याचा. दोघेही कोलांट्या, ब्रेकडान्स करणारे. येहुदा माओर या वयोवृद्ध इस्रायली-अमेरिकन शिक्षकाने मुंबईत दोघांनाही दांड्यापाशी उभे केले. अमिरुद्दिनला २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. फीसाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. मनीष न्यूयॉर्कपर्यंत पोचला, तिथल्या एका पथकात नाचू लागला. बॅलेचा पहिला धडा त्याने घेतला तेव्हा तो कॉलेजच्या वयाचा होता.