नकाशातले स्वयंपाकघर

आयुष्याची पुंजी खर्चून मध्यमवर्गीय माणूस घर बांधावयास काढतो, तेव्हा पहिली चर्चा होते ती दिवाणखान्याची. मग पाहुणे वर्षातून चारदाच का येईनात! राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या मुख्य खोलीस किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्र सांगितले आहे. जेवणघर वेगळे असल्यास स्वयंपाकघरास ५. ही किमान मर्यादाच पुष्कळ नकाशांत कमाल ठरते. त्यातून ते पश्चिमेस पडले, की सायंकाळी तापलेली भिंत आणि पेटलेली शेगडी यांच्यामध्ये गृहिणी उभी! खिडकी कोठे हवी, कोठीची खोली हवी की नको? कागदावरची रेघ पुसावयास खोडरबर पुरते. तिला हे विचारले जाईपर्यंत मात्र भिंती कमरेएवढ्या आलेल्या असतात.