सिद्ध करायचं आहे ते बँकेने

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरील व्याजाची ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी उठवली आणि कार्डधारक धास्तावले. पंधरवड्यातच, ३ जानेवारी २०२५ला, त्याच न्यायालयाने आसाममधल्या एका खातेदाराला दिलासा दिला. भामट्यांनी त्याच्या खात्यातून ९४ हजार रुपये लांबवले होते. ते परत करण्याचा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा आदेश स्टेट बँकेच्या अपिलानंतरही कायम राहिला. फसवणूक झाल्यावर त्याने चोवीस तासांत बँकेला कळवलं होतं.

या लढाईचा पाया म्हणजे अनधिकृत व्यवहारांबद्दलचं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक. ते क्रेडिट कार्डालाही लागू आहे आणि त्यातलं सर्वांत मोलाचं कलम हे: चूक ग्राहकाची होती, हे बँकेने सिद्ध करायचं. ‘ओटीपी टाकलाय, म्हणजे व्यवहार तुमचाच’ एवढं फोनवर ऐकून गप्प बसू नका. लेखी पुरावा मागा. बिलाबद्दलच्या तक्रारीवर ३० दिवसांत खुलासा आणि कागदपत्रं देणं बँकेला बंधनकारक आहे.

मात्र वेळ पाळा. चूक ना तुमची ना बँकेची, तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले, तर पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेच्या कार्डावर जास्तीत जास्त १० हजार, त्यावरच्या कार्डावर २५ हजारांचा भार. तक्रारीनंतर दहा कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत निकाल लावायचा. ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं.

दुकानदाराने माल पाठवला नाही किंवा परतावा अडवला, तर मार्ग वेगळा: बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे कार्डावरून गेलेल्या पैशांची परतफेड मागायची. व्हिसा, मास्टरकार्डच्या नियमांत त्यासाठी साधारण १२० दिवस मिळतात. ऑर्डर, पावती, ईमेल जपून ठेवा.

तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, ईमेलही करा. वाद नसलेली रक्कम मुदतीत भरा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

उशिराच्या दंडाचा आकडा बँका ग्राहकाला न चुकता कळवतात. तीन दिवसांत कळवण्याचा नियमही प्रत्येक बिलावर, ठळक मराठीत, छापणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं करावं. हक्क माहीत नसलेला माणूस भांडायच्या आधीच हरतो.