घुबडाचे नाव

मुलांनो, ज्या घूत्काराने रात्री आपल्या अंगावर काटा उभा राहतो, त्यानेच घुबडाला नाव दिले आहे. संस्कृतातील ‘उलूक’ व ‘घूक’ हे शब्द त्या ध्वनीचे अनुकरण होत. हिंदीतील ‘उल्लू’ हा ‘उलूका’चाच वंशज. लॅटिन भाषेतील ‘उलुला’ हा शब्दही ध्वनीवरूनच बनला. आपल्या ‘घुबडा’तही तोच ‘घू’कार ऐकू येतो. ‘दिवाभीत’, म्हणजे दिवसाला भिणारा, हे नाव मात्र अन्यायाचे आहे. कारण घुबडाला दिवसाही दिसते. नाव आवाजाने दिले. अशुभाचा डाग मात्र माणसाच्या भीतीने लावला. उंदीर मारून शेतकऱ्याचे धान्य राखणाऱ्या ह्या पक्ष्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिले आहे. ते आपणही द्यावे.