माती खाणे : खोड नव्हे, आजार

गेल्या पावसाळ्यात जामसरकडची एक गरोदर बाई सासूबरोबर माझ्याकडे आली. सासू म्हणाली, "डॉक्टर, ही चुलीची माती खाते. कितीदा ओरडले, पण ऐकत नाही." सून मान खाली घालून बसली होती. पापणी खाली ओढून पाहिली, तर आतली बाजू पांढुरकी. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८ निघाले.

माती, भिंतीचे पोपडे, पाटीची पेन्सिल, खडू, राख, कच्चे तांदूळ असे काही खाण्याची अनावर इच्छा महिनाभराहून अधिक टिकली, तर त्या विकाराला 'पायका' म्हणतात. दोन वर्षांखालील मूल सगळेच तोंडात घालते. तो आजार नव्हे. मोठी मुले व गरोदर स्त्रिया यांच्यात मात्र यामागे बरेचदा रक्तातील लोहाची कमतरता असते. माती खाल्ल्याने पांडुरोग होतो, हे चरकसंहितेतही सांगितले आहे. म्हणजे कमतरतेमुळे माती खावीशी वाटते आणि मातीमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. शिवाय मातीतून जंतांची अंडी पोटात जातात, बद्धकोष्ठ होते.

आपल्याकडे याला डोहाळे म्हणून सोडून देतात किंवा मुलाला मारतात. दोन्ही चूक. मार बसला की मूल चोरून खाते, एवढेच.

मग करावे काय? जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. जव्हार-मोखाड्यात सिकलसेलही आढळतो, म्हणून तपासणीशिवाय स्वतःहून लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. गोळी चहाबरोबर घेऊ नये; लिंबूपाणी चालेल. शौचास काळे झाले तर घाबरू नये. जंतांचे औषध डॉक्टरांना विचारून घ्यावे. जेवणात डाळी, पालेभाज्या, सुकट असावी. रक्त सुधारूनही सवय सुटली नाही, किंवा मूल केस, रंगाचे पापुद्रे खात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. २०२२ पासून १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर तो फोनवर मोफत मिळतो.

त्या सुनेला मी सासू बाहेर गेल्यावर विचारले, तेव्हा ती बोलली. "मला लाज वाटते, पण राहवत नाही." गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तिची मातीची ओढ गेली. वाचकहो, घरात कोणी माती खात असेल तर आधी रागावू नका, रक्त तपासा.