ख्रिस्ती उपासनेच्या आखणीत बायबलमधील पुनरावृत्त वचनांचे स्थान

पवनार येथे धाम नदीच्या काठी विनोबा भावे १९३८ साली येऊन राहिले आणि १९५९ साली तेथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. ईशावास्य, विष्णुसहस्रनाम आणि गीतेतील स्थितप्रज्ञाची लक्षणे यांचे नित्य पठण हा या आश्रमाच्या प्रार्थनाक्रमाचा कणा होय. याच विनोबांनी नव्या करारातील निवडक वचनांचे ‘ख्रिस्तधर्म-सार’ही सिद्ध केले. धर्मवचनाकडे पाहण्याच्या दोन भिन्न रीती येथे एकाच व्यक्तीच्या कार्यात दिसतात. सार काढणारा स्वभावतःच पुनरुक्ती टाळतो, कारण अभ्यासाला एकदा सांगितलेले पुरते; पठण करणारा मात्र तेच वचन दररोज नव्याने उच्चारतो. ख्रिस्ती उपासनेची आखणी करणाऱ्या पाळकापुढेही नेमका हाच प्रश्न असतो. वचनाचा अर्थ एकदा उलगडून सांगावा, की ते मंडळीच्या तोंडी पुनःपुन्हा यावे?

पुनरावृत्तीविषयीचा संशय ख्रिस्ती परंपरेत जुना आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रार्थनेतील व्यर्थ बडबडीचा निषेध आहे आणि त्याचा आधार घेऊन पुष्कळ मंडळ्यांनी ठरीव शब्दांची प्रार्थनाच गौण मानली. परंतु त्याच शुभवर्तमानाच्या सव्विसाव्या अध्यायात गेथशेमाने बागेत येशू तिसऱ्यांदा प्रार्थना करतो तेव्हा पूर्वीचेच शब्द उच्चारतो, असे स्पष्ट नमूद आहे. निषेध आहे तो शब्दसंख्येने देवाला वश करू पाहणाऱ्या वृत्तीचा. पुनरुच्चाराचा नव्हे.

या दृष्टीने स्तोत्र १३६ चा विचार उद्बोधक ठरतो. या स्तोत्रात २६ चरण असून प्रत्येकाचा उत्तरार्ध एकच आहे : देवाच्या दयेला अंत नाही, या आशयाचा. पूर्वार्धात सृष्टीची निर्मिती, मिसरातून सुटका, रानातील वाटचाल, राजांचा पराभव असा क्रम येतो आणि शेवटी सर्व प्राणिमात्रांना मिळणाऱ्या अन्नाचा उल्लेख होतो. विष्णुसहस्रनामाशी तुलना केल्यास रचनेतील भेद लक्षात येतो. सहस्रनामात नाम पालटत जाते आणि ज्याचे ते नाम, तो एक असतो; येथे कृती पालटते आणि तिच्यावरील साक्ष एक असते. मराठी श्रोत्याला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. अभंग, भजन आणि कीर्तन यांतील ध्रुपद हेच कार्य करते. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी भजन-कीर्तनाची ही रीत मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवली, तेव्हा ती बायबलच्या रचनेला पाश्चात्य चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांपेक्षा कदाचित अधिक जवळची होती.

मात्र ध्रुपद सोयीचे असते म्हणून त्याच्या अवतीभवतीचा मजकूर छाटण्याचा मोह होतो. स्तोत्र १३६ मधील मिसऱ्यांच्या प्रथमजन्मलेल्यांच्या मृत्यूचे व राजांच्या वधाचे चरण वगळले की उरते ते सुखद, पण काहीसे सपाट गीत. त्या कठोर चरणांनंतर दयेचे ध्रुपद म्हणताना मंडळी अडखळते, आणि हे अडखळणे उपासनेचाच भाग मानले पाहिजे. स्तोत्र ४२ व ४३ यांत तर एकच ध्रुपद तीनदा येते. ही दोन्ही मिळून मूळचे एकच स्तोत्र असावे, या मताचा तो एक प्रमुख आधार आहे. केवळ ४२ वे स्तोत्र वाचले तर तिसरी आवृत्ती हरवते आणि प्रार्थना विलापातच तुटते.

स्तोत्र १३६ चे हे वचन अन्य ग्रंथांतही आढळते, आणि आखणीच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध सामग्री तेथे आहे. शलमोनाच्या मंदिराच्या समर्पणप्रसंगी ते गायिले जाते (२ इतिहास ५ व ७). यहोशाफाटाच्या सैन्यापुढे गायक तेच गात चालतात (२ इतिहास २०). यरुशलेमेला वेढा पडलेला असताना यिर्मया त्याच स्तवनाचा स्वर पुन्हा ऐकू येईल असे सांगतो (यिर्मया ३३). आणि बंदिवासातून परतलेले लोक नव्या मंदिराचा पाया घालताना तेच गातात (एज्रा ३). समर्पण, संकट, नाश आणि पुनरारंभ अशा या चार प्रसंगांची वाचने घेऊन प्रत्येकानंतर मंडळीने तेच वचन म्हणावे, अशी एका उपासनेची आखणी सहज शक्य आहे. स्तोत्र ११८ मध्ये इस्राएल, अहरोनाचे घराणे आणि परमेश्वराचे भय धरणारे असे प्रतिसाद देणारे गटही वाटून दिलेले आहेत. त्यामुळे कोणी केव्हा म्हणावे, याचा नमुना बायबलमध्येच सापडतो.

येथे भाषांतराची अडचण उद्भवते. मूळ हिब्रू ‘हेसेद’ या शब्दासाठी मराठीत दया, वात्सल्य, करुणा असे पर्याय संभवतात. चार वाचनांत चार शब्द आले तर पुनरावृत्ती कानाला जाणवतच नाही. म्हणून एका उपासनेपुरता एकच शब्द निश्चित करणे इष्ट. उलट, ‘भिऊ नको’ हे वचन बायबलमध्ये वर्षातील दिवसांइतके, म्हणजे ३६५ वेळा येते, हे प्रवचनांतून ऐकू येणारे विधान शब्दसूचीच्या कसोटीला उतरत नाही. वचनाचे बळ त्याच्या गणतीत शोधू नये, हेच बरे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, तेव्हा ग्रंथबद्ध विधी पाळणारे अँग्लिकन आणि मुक्त प्रार्थनेला महत्त्व देणारे बॅप्टिस्ट एका छत्राखाली आले. अशा मंडळीत बायबलचेच पुनरावृत्त वचन दोघांनाही मान्य होऊ शकते, कारण ते विधीही आहे आणि शास्त्रवचनही. फ्रान्समधील तेझे येथील समुदायाने लहान वचनांची आवर्तने याच उपयोगासाठी, भिन्न भाषा व पंथांच्या लोकांकरिता, रूढ केली.

एज्राच्या तिसऱ्या अध्यायात, पाया घातला जात असताना, पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडतात आणि इतर आनंदाने गर्जना करतात. रडणे कोणते व गर्जना कोणती, हे ओळखू येत नाही. दोघांच्या पुढे वचन एकच असते. या वाचनानंतर लगेच पुढील गीत सुरू करण्याची घाई नसावी. विनोबांनी आपल्या सार्वजनिक सभांत सर्व धर्मीयांसाठी मौन प्रार्थनेचा आग्रह धरला होता. या ठिकाणी अखेरच्या आवर्तनानंतर तसेच काही क्षणांचे मौन योजणे उचित होईल.