रोजची हँडबॅग: भायखळ्याच्या लोकलमध्ये टिकणारी

प्रकार
• टोट: वरून उघडी, मोठी, डबा, फाइल, छत्री मावते.
• सॅचेल: सपाट तळ, वर फ्लॅप किंवा चेन, आकार टिकतो.
• क्रॉसबॉडी: पट्टा तिरका; गर्दीत बॅग पुढे, दोन्ही हात मोकळे.

मापे
• १४ इंची लॅपटॉप: साधारण ३२ × २२ सेंमी. हा १४ इंचांचा आकडा पडद्याच्या कर्णाचा असतो, रुंदीचा नव्हे.
• पट्ट्याची उंची: हँडलच्या टोकापासून बॅगेच्या वरच्या काठापर्यंत. खांद्यासाठी साधारण २२ ते २८ सेंमी.

चामडे की रेक्झिन?
• फुल ग्रेन: कातड्याचा वरचा थर, न घासलेला, सर्वांत टिकाऊ.
• टॉप ग्रेन: तोच थर, घासून एकसारखा केलेला.
• पीयू रेक्झिन: कापडावर पॉलियुरेथेनचा लेप. दमट हवेत लेपाचे पापुद्रे सुटतात.
• मुंबईच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते. ओली बॅग सावलीत वाळवावी, आत कागदाचे बोळे भरावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये.

दुकानात तपासा
• पट्टा जोडलेल्या जागी दुहेरी शिलाई किंवा रिव्हेट.
• चेन भरल्या बॅगेवरही सरळ सरकते का.
• पास, मोबाइलसाठी आत चेनचा कप्पा.

इथल्या बॅगा
• धारावी: चामड्याच्या वस्तूंची जुनी बाजारपेठ. तिथे जायला सायनला उतरावे; भायखळ्याहून धीम्या लोकलने सहावे स्टेशन.
• बॅगिट: १९९० मध्ये नीना लेखी यांनी मुंबईत सुरू केलेला ब्रँड, बॅगांत चामडे नाही.